बाकावर चौघेच

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सबाथ या हेवी मेटल (जड गिटारींचं रॉक संगीत) बँडचा गायक ऑझी ऑस्बॉर्न २२ जुलै २०२५ ला गेला. ३० तारखेला त्याची अंत्ययात्रा बर्मिंगहॅमच्या ब्रॉड स्ट्रीटवरून निघाली, कालव्यावरच्या ब्लॅक सबाथ पुलापाशी थांबली, आणि रस्त्याच्या दुतर्फा हजारो माणसं उभी राहिली. त्याचे व्हिडिओ आमच्या कॉलेजच्या, सोसायटीच्या, नात्यातल्या सगळ्या ग्रुपांवर फिरले. ज्यांनी जन्मात हेवी मेटल ऐकलं नाही त्यांनीसुद्धा ते पुढे ढकलले. खाली शेरा एकच, शब्द थोडे इकडेतिकडे: 'कलावंताची कदर करावी तर यांनी! नाहीतर आपल्याकडे...' पुढची टिंबं ज्याने त्याने आपापल्या दुःखाने भरायची. एकाने मुंबईतल्या धोबी तलावचं रंगभवन आठवलं. तिथे १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हे रॉक संगीताचं संमेलन रंगायचं, पुढे शांतता क्षेत्राचा नियम आला आणि ते खुलं नाट्यगृह मुकं झालं. दुसऱ्याने कुण्या लोककलावंताच्या थकलेल्या मानधनाबद्दल लिहिलं. दोन्ही तक्रारी खऱ्याच आहेत. माझं भांडण आहे ते पहिल्या अर्ध्या वाक्याशी.

ज्या पुलावर ती अंत्ययात्रा थांबली तिथे २०१९ पासून एक बाक आहे. बाकाच्या पाठीवर चार चेहरे: ऑझी, गिटारवादक टोनी आयोमी, बासवादक गीझर बटलर, ड्रमवादक बिल वॉर्ड. जून २०२५ मध्ये शहराने 'फ्रीडम ऑफ द सिटी' हा मान दिला तोही याच चौघांना. १९६८ साली अॅस्टनच्या कामगारवस्तीतून ही पोरं निघाली, त्यांनी एक संगीतप्रकारच जन्माला घातला, त्यांना मान मिळायलाच हवा. पण ब्लॅक सबाथ हा बँड कायम या चौघांचाच नव्हता. ऑझी १९७९ मध्ये बाहेर पडला (खरं तर काढला गेला), त्यानंतर गायक आले, गेले, परत आले. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत टिकला तो एकटा आयोमी. आणि ऑझीखालोखाल सर्वाधिक अल्बम ज्या गायकाने गायले तो टोनी मार्टिन. पाच अल्बम. हा मार्टिन बर्मिंगहॅमचाच, म्हणजे उपरा म्हणून वगळला म्हणावं तर तीही सोय नाही. बाकावर तो नाही. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क या फुटबॉलच्या मैदानावर निरोपाची मोठी मैफल झाली, जगभरचे बँड आले, प्रत्येकाने सबाथचं किंवा ऑझीचं काही ना काही वाजवलं. तिथे मार्टिन मंचावर नव्हता आणि त्याच्या काळातलं एकही गाणं वाजलं नाही.

नव्वदच्या दशकात पुण्यात आमच्यासारख्यांना सबाथ म्हणजे भरून घेतलेल्या कॅसेटी. कुणाचा तरी भाऊ बोटीवर असायचा, तो एलपी किंवा सीडी आणायचा, आणि एका प्रतीवरून दहा घरांत कॅसेटी भरल्या जायच्या. त्या कॅसेटींत गायक कोण याच्याशी आम्हाला घेणंदेणं नव्हतं. माझ्याकडच्या एका बाजूला १९७० चा 'पॅरानॉइड' होता आणि दुसऱ्या बाजूला १९८९ चा 'हेडलेस क्रॉस'. इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमला राहायला आल्यावर कळलं की पहिली बाजू म्हणजे धर्मग्रंथ आणि दुसरीचं नाव चारचौघांत काढू नये. मेटल ऐकणारे इथले सहकारी 'अरे, तो मार्टिनचा काळ!' म्हणून असे हसायचे की जणू मी श्राद्धाच्या जेवणात केक मागितला.

गंमत म्हणजे, हसणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो अल्बम ऐकलेलाच नव्हता. ऐकणार कुठून? सबाथ तेव्हा आय.आर.एस. या छोट्या कंपनीकडे होते. १९८९ चा 'हेडलेस क्रॉस', १९९० चा 'टीर', १९९४ चा 'क्रॉस पर्पजेस', १९९५ चा 'फॉरबिडन' हे चारही अल्बम तिचे. कंपनी १९९६ मध्ये बंद झाली. डिसेंबर १९९७ मध्ये मूळ चौघे बर्मिंगहॅमच्या एनईसी या मोठ्या सभागृहात पुन्हा एकत्र आले, आणि आता जुना संचच परत आलाय म्हटल्यावर मधल्या काळाची आठवण काढण्यात कुणालाच रस उरला नाही, व्यवस्थापनाला तर नाहीच. वर्षानुवर्षं हे अल्बम बाजारात नव्हते. जुन्या प्रती शोधत फिरायचं, मिळाली तर अवाच्या सवा किंमत मोजायची, नाहीतर कुणीतरी चढवलेल्या फुसफुसत्या ध्वनिमुद्रणावर भागवायचं. जे मिळत नाही ते वाईटच असणार, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं.

३१ मे २०२४ ला हे चार अल्बम 'अॅनो डॉमिनी १९८९-१९९५' या नावाने एका पेटीत परत आले. पहिले तीन नव्याने रिमास्टर केलेले, म्हणजे आवाज उजळून काढलेले. 'फॉरबिडन' मात्र आयोमीने स्वतः बसून पुन्हा मिक्स केला, म्हणजे वाद्यांचे आवाज नव्याने एकमेकांशी जुळवले, कारण त्याचा मूळ आवाज त्याला कधीच पटला नव्हता. आणि मग जे व्हायचं ते झालं. ज्या इंग्रजी संगीतमासिकांनी हा काळ एका ओळीत निकालात काढला होता, तिथे पानभर कौतुक यायला लागलं. विशी-पंचविशीतली पोरं, ज्यांच्या डोक्यात आधीच्या वादांचं ओझं नाही, ती 'हेडलेस क्रॉस' सरळ उत्तम अल्बम म्हणून ऐकायला लागली.

तो आहेही तसा. शीर्षकगीताच्या सुरुवातीला कोझी पॉवेलचे ड्रम जवळजवळ एकटेच चालतात, मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये कुणी जड बूट घालून सावकाश यावं तसे. त्यावर आयोमीची रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, बसते, आणि मार्टिन ध्रुवपदाला आवाज असा वर नेतो की ऑझीची आठवण यायला जागाच राहत नाही. ऑझी गायचा तो घाबरलेल्या माणसाच्या सुरात. मार्टिन गातो तो गोष्ट सांगणाऱ्याच्या सुरात, आणि या अल्बमला तोच लागतो, कारण सगळी गाणी सैतान, मृत्यू आणि रोगराईची आहेत. हेडलेस क्रॉस हे बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला रेडिचमधल्या एका खऱ्याखुऱ्या वस्तीचं नाव. आज तिथे घरं, दुकानं, बसथांबे. गाण्यात मात्र तिथे प्लेगची साथ येते. 'व्हेन डेथ कॉल्स'मध्ये जॅझच्या दुनियेतला लॉरेन्स कॉटल बास वाजवतो आणि मधला गिटारचा तुकडा क्वीन या बँडच्या ब्रायन मेचा आहे. काळाचे व्रण आहेतच: ड्रमवर ऐंशीच्या दशकातला घुमारा जास्त आहे, जेफ निकल्सचा कीबोर्ड काही ठिकाणी नको इतका गोड होतो. तरी हा अल्बम कुठल्याही उत्तम सबाथ अल्बमच्या शेजारी ठेवावा असाच आहे.

'टीर'मध्ये नॉर्स देवांच्या कथा येतात, नील मरेचा बास येतो, आणि पुण्यातला माझा एक मित्र तोच सर्वोत्तम मानतो. 'क्रॉस पर्पजेस' सभ्य आहे. 'फॉरबिडन'ची निर्मिती बॉडी काउंट या बँडच्या अर्नी सीची, पहिल्या गाण्यात अमेरिकन रॅपर आइस-टी रॅप करून जातो. नव्या मिक्समध्ये गिटार पुढे आली, ड्रममध्ये जीव आला, आणि एवढं करूनही गाणी बेताचीच राहिली. पुनर्प्रकाशनाच्या भरात सगळ्यालाच सोन्याचा मुलामा देणारे लोक असतात. त्यांचंही सगळं ऐकू नये.

आता घरच्या वादांकडे येतो. आपल्याकडे जाहिरातीत 'मूळ संचात' असं ठळक छापलं की तिकिटं जातात. डॉ. लागूंनंतर दत्ता भटांनी 'नटसम्राट'मधला बेलवलकर उभा केला, त्यानंतर इतरांनी केला, आणि खरा बेलवलकर कोणाचा हा वाद आमच्या आईवडिलांच्या पिढीने जेवणाच्या ताटावर घातला. पण त्या वादात एक मोठेपण होतं. दोन्ही बाजूंनी दोन्ही प्रयोग पाहिलेले असायचे. दत्ता भट आवडत नाहीत असं म्हणणारा माणूस तिकीट काढून तीन तास बसून आलेला असायचा. बर्मिंगहॅममध्ये मार्टिनला हसणाऱ्यांनी ते कष्टही घेतले नव्हते. तेव्हा रसिकता म्हणाल तर या बाबतीत आमचं शिवाजी मंदिर ब्रॉड स्ट्रीटपेक्षा कितीतरी पुढे होतं, हे मला ग्रुपवरच्या मंडळींना सांगायचंय.

आणि शहराची कदर? सप्टेंबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅमच्या महापालिकेने आपली तिजोरी रिकामी झाल्याचं अधिकृतपणे जाहीर केलं. त्यानंतर शहरातल्या कलासंस्थांचं अनुदान आधी अर्ध्यावर आणि मग शून्यावर आणायचं ठरलं. ज्या 'द क्राउन' पबमध्ये सबाथने सुरुवातीच्या दिवसांत वाजवलं, तो २०१४ मध्येच बंद पडला. त्याच स्टेशन स्ट्रीटवरचं शंभरी ओलांडलेलं इलेक्ट्रिक सिनेमागृह फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झालं. म्हणजे पुलावर फुलांचा खच पडला होता तेव्हा तिथून चालत जाण्याच्या अंतरावर हे कुलूपबंद दरवाजे होते. व्हिडिओत ते आले नाहीत. ती गर्दी खोटी होती असं मला म्हणायचं नाही. मीही त्या शहराचाच आहे, मलाही भरून आलं होतं. पण माणूस गेल्यावर रस्त्यावर उतरणं आपल्यालाही उत्तम जमतं, त्यासाठी बर्मिंगहॅमकडे बोट दाखवायची गरज नाही.

बोट दाखवायचंच असेल तर त्या पेटीकडे दाखवा. तिच्यासाठी कुठली मिरवणूक निघाली नाही, महापौर आले नाहीत. मूळ ध्वनिफिती कुठेतरी जपलेल्या होत्या. हक्क कोणाचे हा गुंता कोणीतरी बसून सोडवला. छापायला तयार असलेली कंपनी मिळाली. आणि सत्तरी ओलांडलेला एक गिटारवादक आपला सगळ्यात बदनाम अल्बम दुरुस्त करायला स्टुडिओत बसला. कंटाळवाणी, कारकुनी वाटणारी कामं आहेत ही. पण वीस-पंचवीस वर्षं साचलेलं मत त्यांनी बदललं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा इथल्या महाराष्ट्र मंडळात पेढे वाटले, मीही खाल्ले. त्यानंतर घरी चाललेली चर्चा मी दुरून वाचतो: नवी पिढी वाचत नाही, ऐकत नाही, इंग्रजी शाळांनी वाट लावली. थोडं खरं असेलही. पण सुट्टीत आल्यावर मी अप्पा बळवंत चौकात यादी घेऊन जातो आणि निम्म्या नावांना उत्तर येतं, 'आवृत्ती संपली.' पुढची कधी? दुकानदार खांदे उडवतो. प्रकाशकाचे वारस भांडतायत, लेखकाच्या मुलीचा पत्ता नाही, पाचशे प्रती कोण घेणार. जुन्या मराठी ध्वनिमुद्रिकांची कथा तीच, तिथे तर संग्राहक मंडळी आपल्या हौसेने आणि खिशातून जे करतात तेवढ्यावर गाडं चालतं. आणि मग आपण वीस वर्षांच्या पोरीला विचारतो, तू हे कसं ऐकलं नाहीस? ती ऐकणार कुठून?

अडचणी वेगळ्या आहेत हे मला मान्य आहे. सबाथच्या मागे जगभरचा गिऱ्हाईक आहे, मराठी भावगीताच्या तबकडीमागे नाही, आणि बाजारावर सोडलं तर मराठीतलं बरंच काही कधीच परत छापलं जाणार नाही. म्हणूनच अभिजात दर्जाबरोबर जो पैसा येईल तो संमेलनांच्या मांडवात न जाता हक्क सोडवणं, फिती जपणं आणि आवृत्त्या काढणं यात जावा, असं मला वाटतं. त्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं, तेव्हा कोणता मंत्री तयार होईल हा प्रश्नच आहे.

मार्टिनचं म्हणाल तर त्याचा पहिला सबाथ अल्बम, १९८७ चा 'द इटर्नल आयडल', या पेटीत नाही, कारण तो आय.आर.एस.कडे नव्हताच. तो आधी रे गिलन या गायकाच्या आवाजात भरला होता, मग गिलन बँड सोडून गेला आणि मार्टिनला बोलावून सगळी गाणी पुन्हा गाऊन घेतली. दुसऱ्याच्या मापाचे कपडे घालून पहिल्याच दिवशी उभं राहायचं, तरीही 'द शायनिंग' तो ज्या ताकदीने गातो, ते ऐकून ठरवा पाचव्या चेहऱ्याला बाकावर जागा हवी की नको. पुण्यातल्या मित्राला मी परवा हेच सांगितलं. त्याचं म्हणणं, बाक राहू दे, आधी 'टीर' नीट ऐक.