'चार तास चहा पीत बसले' ह्या रिव्ह्यूला उत्तर, जरा लांब झालंय

नमस्कार मॅडम. रिव्ह्यू वाचला. तुमच्या एसीच्या डक्टला (छताच्या वरून गार हवा नेणारा पत्र्याचा मार्ग) आम्ही नवं इन्सुलेशन लावल्यावर हॉलमध्ये दुसऱ्याच दिवशी परत पाणी टपकलं, घरभर रबर चिकटवायच्या सोल्युशनचा वास राहिला, त्याबद्दल मनापासून सॉरी. पाणी टपकायला नको होतं, ती चूक आमचीच आहे, कुठे झाली तेही खाली लिहितो.

पण तुम्ही लिहिलंय की "11 ला आले आणि 3 वाजेपर्यंत चार तास नुसते चहा पीत, मोबाईल बघत बसले, मग संध्याकाळी घाईघाईत काळा रबर गुंडाळून गेले", हे वाचून रात्री झोप लागली नाही. 14 वर्षं झाली ह्या धंद्यात, पनवेल, खारघर, उरण सगळीकडे कामं केलीत, कामात चुका काढल्या लोकांनी, ते चालतं, पण कामचोर कोणी म्हणलं नव्हतं.

आदल्या रात्री साडेआठला मी तुम्हाला व्हॉट्सॲप केला होता की "मॅडम आज रात्रीपासून एसी पूर्ण बंद ठेवा, डक्ट कोरडा पाहिजे". निळ्या टिका आल्या होत्या. आमची दोन पोरं 11 ला पोचली तेव्हा एसी चालू होता, पाहुण्यांची लहान मुलं झोपली होती, ठीक आहे, घर म्हणलं की होतं असं, मी तेव्हा काहीच बोललो नाही. पण त्याचा परिणाम काय होतो तो समजून घ्या.

डक्टमधून जी हवा जाते ती 13-14 डिग्रीची असते, आणि डक्ट आहे जीआय (जस्ताचा मुलामा असलेल्या) पत्र्याचा, म्हणजे पत्रापण तेवढाच गार. बाहेर जुलैचा पाऊस. हवा 28 डिग्री आणि दमटपणा 90 टक्के असेल तर 26 डिग्रीच्या खाली जे काही जाईल त्याच्यावर पाणी जमणारच, त्याला कोणाचाच इलाज नाही. म्हणूनच तर इन्सुलेशन लागतं. तुमच्याकडे आधी ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापसासारखा थर) होतं, त्याच्यावरची फॉइल दोन-तीन ठिकाणी फाटलेली, तिथून दमट हवा आत गेली, पत्र्यापाशी तिचं पाणी झालं आणि सगळं ग्लासवूल स्पंजासारखं पाणी पिऊन लोंबत होतं. भिजलेलं ग्लासवूल म्हणजे नसल्यातच जमा. तुमच्या पीओपीवरचे पिवळे डाग त्याचेच. (ज्याने ते लावलं तो स्वस्तात करून गेला, पण त्याला कोणी एक स्टार दिला नाही, असो.)

ते ओलं ग्लासवूल काढायलाच सव्वाबारा वाजले. दोन गोणी भरल्या. शिडीवर उभं राहून मान वर करून, अंगाला खाज सुटते ती वेगळी. तुम्ही तेव्हा घरी नव्हता मॅडम, तुम्ही 1 वाजता आलात, आणि आल्यावर जे दिसलं ते म्हणजे पोरं बसलेली. म्हणजे चार तास नाहीच, सव्वाबारा ते 3, दोन तास 45 मिनिटं, त्यात वीस मिनिटं डबा खाल्ला, आणि बाकीचा वेळ काय चाललं होतं तर पत्रा सुकत होता. कपड्याने पुसला की पाच मिनिटात परत घाम, परत पुसला, परत घाम, कारण पत्रा जवळपास खोलीच्या हवेएवढा गरम होईपर्यंत हे थांबतच नाही. तुमचाच टेबल फॅन ट्रॅपडोअरच्या (सीलिंगमधल्या झाकणाच्या) खाली लावून ठेवला होता, घरातल्या आजींना विचारून.

आता कोणी म्हणेल ओल्यावरच चिकटवायचं मग. घरी करून बघा, फ्रीजमधला स्टीलचा डबा काढून ओट्यावर ठेवा, दहा मिनिटांनी त्याच्यावर सेलोटेप लावा. राहते का? नायट्राईल रबरचं, म्हणजे आम्ही इन्सुलेशनला लावतो त्या काळ्या रबरचं, तेच आहे. सोल्युशन पत्र्याला पण लावायचं आणि रबरला पण, दोन्ही हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग दाबायचं. कोरड्या दिवसात हे दहा-पंधरा मिनिटांत होतं, पावसात बराच जास्त वेळ लागतो. तेव्हा पण माणूस बसलेलाच दिसतो. ओल्यावर लावलं असतं तर कितीतरी आधीच काम उरकून बिल घेऊन निघालो असतो, तुम्ही खूश, पाच स्टार, आणि दिवाळीपर्यंत सगळा रबर सुटून पीओपीवर पडला असता. मी पोरांना शिकवलंय की सुकल्याशिवाय हात लावायचा नाही. त्यांनी माझं ऐकलं आणि त्याचाच एक स्टार मिळाला.

आणि चहा. चहा आम्ही मागितला नव्हता. आजींनी स्वतः करून आणला, बिस्किटं पण दिली, म्हणाल्या पावसातून आलायत घ्या रे. पोरं नाही म्हणाली असती तर त्यांना वाईट वाटलं असतं. त्या चहाचा असा हिशोब होईल असं वाटलं नव्हतं.

घाईघाईत पण नाही. 3 ला सुरू केलं ते रात्री साडेआठपर्यंत, 19 एमएम जाडीचा रबर, सांधे ताणून न लावता (ताणून लावला की मापात वाचतो पण सांधा पुढे उघडतो), प्रत्येक सांध्यावर टेप. दुसऱ्याने तुम्हाला 9 एमएमचा रेट दिला होता तो स्वस्त होता, हे मला माहितीये, पण फॉल सीलिंगच्या वर एसीची गार हवा नसते, तिथे सगळी दमट हवाच, 9 मध्ये रबरलाच बाहेरून घाम आला असता.

दिव्याचं राहिलंच. तुम्ही लिहिलंय पोराने आजींना उद्धटपणे देवाजवळचं निरांजन लावू दिलं नाही. त्याच्या बोलण्यात चूक झाली असेल तर मी माफी मागतो, वय लहान आहे, मी त्याला समज दिली आहे. पण ते सोल्युशन पेट घेतं मॅडम, वास असेपर्यंत घरात ज्योत नको, हे त्याने सांगायलाच पाहिजे होतं.

आता आमची चूक. हॉलमधल्या एसीच्या दुसऱ्या जाळीच्या मागे बीमपाशी जो डक्टचा बेंड आहे तिथे हात पोचत नव्हता, ट्रॅपडोअर एक बाय एक फुटाचा आहे, त्यातून माणूस जात नाही. पोरांनी तिथे जुनंच ठेवून वरून टेप मारली आणि मला पण संध्याकाळी फोनवर नीट सांगितलं नाही, आणि मी पण खोदून विचारलं नाही. तुम्हाला त्याच दिवशी सांगायला हवं होतं की इथे पीओपी कापावं लागेल. पाणी तिथूनच टपकतंय, माझी खात्री आहे. वासाचं म्हणाल तर निघताना सांगितलं होतं 24 तास एसी लावू नका, खिडक्या उघड्या ठेवा, तुम्ही स्वतःच रिव्ह्यूमध्ये लिहिलंय "रात्री 10 ला एसी 18 वर लावला तर वास". मी दोष देत नाही, उकडत होतं, पाहुणे होते. पण ते पण लिहिलंय म्हणून म्हणलं.

तुमच्या रिव्ह्यूनंतर चार दिवसात दोन कामं कॅन्सल झाली, एकाने तर फोनवर हसून विचारलं "चहा पिणारे तुम्हीच का?" पावसाळ्यात एसीवाल्यांकडे तसंही काम नसतं, उन्हाळ्यात कमवलेल्यावर पोरांचे पगार निघतात. स्टार बदला असं मी म्हणणार नाही, तो तुमचा हक्क आहे. फक्त ती चहाची ओळ काढता आली तर बघा.

मी तुम्हाला दोनदा फोन केला, उचलला नाही, म्हणून इथे लिहावं लागलं. गुरुवारी सकाळी 10 ला मी स्वतः येतो, पीओपीवाल्याला घेऊन, कापायचं आणि परत बंद करायचं आमच्याकडे लागलं, रंगाचं तेवढं बघू काय होतंय ते. बिलाचं पण समोरासमोर बोलू. पुढे पोरांकडे काहीतरी फोटो वगैरे काढून पाठवायची पद्धत ठेवू म्हणजे बसले का उभे होते ते कळेल.

बुधवारी रात्रीपासून एसी बंद ठेवा मॅडम, प्लीज. आणि आजींना माझा नमस्कार सांगा.