मालकाचे पैसे? कुठल्या रकान्यात लिहिलेत ते दाखवा

आज सकाळी आमच्या वेंगुर्ल्याच्या फुटबॉल ग्रुपवर शेफील्ड वेन्सडे या इंग्लिश क्लबची बातमी फिरत होती. १८६७ सालचा क्लब. खेळाडूंचे पगार रखडत गेले, ऑक्टोबर २०२५ मध्ये क्लब प्रशासकाच्या (बुडत्या कंपनीचा कारभार हातात घेणाऱ्या माणसाच्या) ताब्यात गेला आणि तिथल्या तिथे १२ गुण कापले गेले. त्यावर एका पोराने लिहिलं, "मालकाचो पैसो, मालकाची मर्जी. तुमका कित्याक त्रास?" खाली अंगठ्यांची ही रांग!

हे वाक्य डोक्यात जातं. हिशेब म्हणूनच ते चूक आहे.

क्लबात मालकाचा पैसा दोन वाटांनी येतो. भागभांडवल म्हणून आला आणि क्लब बुडाला, तर तो मालकाचा बुडाला. कर्ज म्हणून आला तर मालक सावकार होतो. क्लब बुडाला तरी तो धनकोंच्या, म्हणजे पैसे येणं असलेल्यांच्या, रांगेत उभा राहतो, आणि मैदान तारण घेतलेलं असेल तर रांगेत पहिला. बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. फोटोत तोच माणूस, गळ्यात तोच मफलर. ताळेबंद उघडल्याशिवाय कळत नाही.

आमच्याच तालुक्यातल्या एका वाडीच्या मंडळाचं बघा. नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतील. ट्रॉलरवाले एक शेठ मंडळात आले. तीन मोसम, दरवर्षी १ लाख ४० हजार. जर्सी, नेट, फ्लडलाइट, बाहेरगावच्या चार खेळाडूंचं मानधन. देवळात शाल-नारळ देऊन सत्कार झाला. आणि खजिनदाराने वहीत काय लिहिलं? "शेठकडून हातउसने, दरमहा दीड टक्का." देणगीची एक पावती फाटली नाही. पुढे हायवेच्या रुंदीकरणात मैदानाची कड गेली, मंडळाला ६ लाख मोबदला आला, आणि त्याच आठवड्यात शेठचा कागद आला. मुद्दल ४ लाख २० हजार, सरळ व्याज १ लाख ५१ हजार २००. मंडळाकडे उरले २८ हजार ८००. सत्काराची शाल मात्र मंडळाच्या खर्चातली.

मँचेस्टर युनायटेडचं २००५ मध्ये याहून वाईट झालं. शेठने निदान आधी स्वतःच्या खिशातून काढले होते. ग्लेझर कुटुंबाने क्लब घेतला ७९ कोटी पौंडांना, त्यातले साधारण ५२.५ कोटी उसने, आणि ते कर्ज टाकलं त्याच क्लबच्या डोक्यावर. १९३१ पासून ज्याच्यावर कर्ज नव्हतं, तो क्लब स्वतःच्याच विक्रीचं व्याज भरायला लागला. तिकिटाच्या पैशातून, जर्सीच्या पैशातून. कुडाळच्या बाजारात खरी जर्सी घेणारा पोरगाही त्यात आला (नकली घेणारा सुटला). कायद्यात बसतं, मान्य. सावकारीही परवाना काढून करता येते.

सगळे मालक तसे नसतात, हेही लिहितो, नाहीतर कमेंटमध्ये लेस्टर येणारच. लेस्टरच्या थाई मालकांनी २०१३ मध्ये क्लबला दिलेलं सुमारे १० कोटी ३० लाख पौंडांचं कर्ज भागभांडवलात बदलून टाकलं. म्हणजे परत मागायचा हक्कच सोडला. याला म्हणतात मालकाचे पैसे.

आता मैदान. वेन्सडेच्या मालकाने हिल्सबरो स्टेडियम ६ कोटी पौंडांना आपल्याच दुसऱ्या कंपनीला विकलं. विकणारा तोच, घेणारा तोच. का? तर लीगच्या नियमात तोट्याला मर्यादा असते, आणि मैदान विकून आलेला नफा त्या हिशेबात धरता येत होता. व्यवहार भलत्या वर्षाच्या हिशेबात घातला म्हणून २०२० मध्ये १२ गुण कापले, अपिलात ते ६ झाले. डर्बी काउंटीच्या मालकाने २०१८ मध्ये हेच केलं होतं, ८.१ कोटी पौंड. तो क्लब २०२१ मध्ये प्रशासकाकडे गेला, वेगवेगळ्या कारणांनी मिळून २१ गुण गेले आणि संघ खाली घसरला. कागदावर नफा एकदाच होतो. पुढच्या वर्षी विकायला दुसरं मैदान कुठून आणणार? आणि क्लब विकायला काढला की गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, ग्राउंड कोणाच्या नावार आसा? उत्तर ऐकून निघून जातं.

बरी नावाचा क्लब, १८८५ चा. आधीच्या मालकाच्या काळात मैदानावर बोजा चढला, गाड्या लावायच्या जागासुद्धा गुंतवणूक म्हणून विकल्या गेल्या. डिसेंबर २०१८ मध्ये क्लब १ पौंडाला विकला. १ पौंडाला मिळतो म्हणजे स्वस्त नव्हे, सगळी देणी पदरात घेऊन मिळतो. त्याच मोसमात पगार थकलेले असताना पोरांनी संघ वरच्या गटात नेला. आणि २७ ऑगस्ट २०१९ ला लीगने क्लबच काढून टाकला. वरच्या गटात एकही सामना न खेळता. लोकांना मैदान परत मिळवायला २०२२ उजाडलं, तेही सरकारी मदत घेऊन.

खेळाडूंच्या खरेदी-विक्रीतली चलाखी जरा नीट समजून घ्या, ती सगळ्यात कमी कळते. खेळाडू ५० कोटींना घेतला, करार पाच वर्षांचा, तर दरवर्षी १० कोटी घसारा खर्चात पडतो. विकताना मात्र पुस्तकी किमतीच्या वर मिळेल तो सगळा नफा त्याच वर्षी. आता दोन बागायतदारांनी आंब्याच्या पेट्यांची अदलाबदल केली आणि दोघांनी आपापल्या वहीत "पेटी १० हजारांना विकली" असं लिहिलं, तर दोघेही श्रीमंत, खिशात रुपया नाही. खेळाडूंचं तसंच करता येतं. अकादमीत वाढलेल्या पोराची पुस्तकी किंमत शून्य, म्हणून अदलाबदलीला तो सगळ्यात सोयीचा. त्याच्यावर कितीही आकडा लावा, सगळा नफा. समोरून आलेल्या पोराचा खर्च पाच वर्षांत वाटला जातो, म्हणून दुसऱ्या वर्षी खड्डा, तो भरायला आणखी मोठी अदलाबदल. इटलीच्या युव्हेंटस क्लबवर जानेवारी २०२३ मध्ये याच प्रकरणी १५ गुणांची कारवाई झाली. मध्ये ती उठली, शेवटी मे महिन्यात १० गुण कापले. अध्यक्षांसकट अख्खं संचालक मंडळ त्याआधीच नोव्हेंबर २०२२ मध्ये राजीनामा देऊन मोकळं झालं होतं. हे पकडायला इतकी वर्षं का लागतात? कारण खेळाडूची खरी किंमत किती, हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. आंब्याला निदान वाशीचा भाव असतो.

प्रायोजकाचं तर विचारूच नका. स्पेनमध्ये हेसूस हिल हा गृहस्थ अ‍ॅटलेटिको माद्रिदचा मालक आणि मार्बेया शहराचा महापौर. संघाच्या जर्सीवर नाव कुणाचं? मार्बेयाचं. पालिकेचा पैसा साहेबांच्या क्लबात. त्या खटल्यात २००२ मध्ये महापौरपद गेलं. हे वाचून आपल्याकडची कुठली नगरपंचायत आणि कुठला चषक आठवला, ते ज्याने त्याने मनात ठेवा.

आणि पैसा मुळात आला कुठून? बर्मिंगहॅम सिटी हा क्लब २००९ मध्ये ८ कोटी १५ लाख पौंडांना घेणारा कार्सन युंग हा हाँगकाँगचा. २०१४ मध्ये तिथल्या कोर्टाने ७२ कोटी हाँगकाँग डॉलरच्या काळ्या पैशाच्या धुलाईबद्दल सहा वर्षं आत टाकला. इटलीचा पार्मा क्लब तर शाळेत शिकवावा असा. मालक पार्मालाट ही दूधवाली कंपनी, २००३ च्या डिसेंबरात कोसळली, खोटे हिशेब. क्लब कसाबसा वाचला. मग २०१४-१५ च्या मोसमात काही महिन्यांत दोनदा १ युरोला विकला गेला. फेब्रुवारी २०१५ मध्ये गेटवर माणसं ठेवायला पैसे नाहीत म्हणून घरचा सामना पुढे ढकलला. मार्चमध्ये नवा मालक अटकेत, क्लब दिवाळखोर, आणि पुढचा मोसम चौथ्या स्तरावर.

आता खरा संताप जिथे येतो ते. पोर्ट्समथ क्लबने २००८ मध्ये इंग्लंडचा एफए कप जिंकला. २००९-१० च्या एका मोसमात चार मालक झाले आणि फेब्रुवारी २०१० मध्ये क्लब प्रशासकाकडे गेला. धनकोंच्या यादीत कोण? सामन्याला प्रथमोपचार देणारी सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स, स्वयंसेवक लोक, सुमारे २,७०० पौंड. फुटबॉलचा नियम असा की दुसऱ्या क्लबांचं आणि खेळाडूंचं देणं पूर्ण फेडल्याशिवाय लीगमध्ये राहता येत नाही. मग सरकारचा कर, छपाईवाला, अ‍ॅम्ब्युलन्स यांना पौंडामागे काही पेन्स. लाखो कमावणाऱ्याचे पूर्ण, पट्टी बांधणाऱ्याचे चिल्लर! इथे त्या वाडीत मंडपवाल्याचे ४० हजार राहिले. उरलेल्या २८ हजार ८०० मधून त्याला २५ हजार दिले आणि "पुढच्या वर्षी बघू" म्हणाले. बांबू त्याचे, माणसं त्याची, व्याज मिळालं शेठला. मालकाचो पैसो म्हणे!

ग्रुपवरच्या त्या पोरावर राग नाही खरं तर. तो ब्लॅकबर्नवाला आहे, पुण्याच्या लोकांनी इंग्लंडचा क्लब घेतला म्हणून. कोंबडीच्या धंद्यातल्या वेंकीजने नोव्हेंबर २०१० मध्ये घेतला, २०१२ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून गेला, २०१७ मध्ये तिसऱ्या स्तरावर. त्यांनी चोरी केली असं मी म्हणत नाही, उलट पैसा ओतलाच. पण धंदा न कळता ओतला की काय होतं ते २०१२ मध्ये मैदानात जिवंत कोंबडी सोडून तिथल्या लोकांनी सांगितलं. आणि घरचं बघायचं तर पुण्याचा आयएसएल (इंडियन सुपर लीग) संघ २०१९ मध्ये गुंडाळला, जागा हैदराबादला गेली, तिथे पगार थकले, फिफाने नव्या खेळाडूंच्या नोंदणीला बंदी घातली, आणि २०२५ मध्ये तोच संघ दिल्लीला हलवला. बालेवाडीत ओरडणाऱ्यांना कुणी विचारलं होतं?

"मग लोकांकडे द्या क्लब," असं कुणी म्हणेल. जर्मनीत १९९८ पासून ५०+१ चा नियम आहे, सभासदांकडे मतांचं बहुमत, आणि ते बरं चाललंय. पण बार्सिलोना सभासदांचाच आहे, तरी पंच समितीच्या उपाध्यक्षाच्या कंपन्यांना २००१ ते २०१८ मध्ये ७० लाखांहून जास्त युरो गेलेच. क्लब म्हणतो सल्ल्याचे पैसे, प्रकरण कोर्टात आहे. इंग्लंडच्या नॉट्स काउंटी क्लबात २००९ मध्ये चाहत्यांच्या ट्रस्टने आपले बहुमताचे शेअर मध्यपूर्वेतून अब्जावधी येणार म्हणून फुकट देऊन टाकले. अब्जावधी आले नाहीत, क्लब काही महिन्यांत १ पौंडाला विकला.

वाडीतही तसंच झालं. हातउसन्याचा ठराव सभेत वाचलाच नव्हता. चहा-भज्यांच्या वेळी हजेरीच्या कागदावर सह्या घेतल्या, ठराव वर नंतर लिहिला. ट्रस्ट म्हणून नोंदलेल्या मंडळाला कर्ज घ्यायचं तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, ती नव्हती. म्हणजे शेठचा कागद आव्हान देण्यासारखा होता. एकाने खजिनदाराला तसं सांगितलं, तर उत्तर काय, "विचारूक गेलो तर शेठ रागावतले."

इंग्लंडने शेवटी २०२५ मध्ये कायदा करून स्वतंत्र नियामक नेमला. त्याआधी मालकांची पात्रता चाचणी होतीच, २००४ पासून, पण ती बहुतेक "तुम्हाला शिक्षा झाली आहे का" एवढंच विचारायची. कार्सन युंगला काळ्या पैशाबद्दल २००९ मध्ये शिक्षा कुठे झाली होती?

तर ग्रुपवरच्या पोरांनो, इंग्लंडच्या कंपनी नोंदणीच्या संकेतस्थळावर तिथल्या कुठल्याही क्लबचा ताळेबंद फुकट दिसतो. पहिलं पान सोडा, तिथे अध्यक्षांचं गोड भाषण असतं. 'संबंधित पक्षांचे व्यवहार' ही टीप वाचा, आणि तारणांची यादी वेगळी असते ती उघडा. आपल्याकडे डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो, त्यात इतर हक्काच्या रकान्यात बोजा दिसतो. मंडळाच्या मैदानाचा काढा, आजच.

यंदाच्या स्पर्धेला नवीन प्रायोजक मिळालाय असं ग्रुपवरच वाचलं. छान. पैसे बँकेत घ्या, देणगीची पावती फाडा, त्यावर 'परत न करण्याच्या अटीवर' लिहून त्यांची सही घ्या. उसने द्यायचे म्हणाले तर आधी धर्मादायकडे अर्ज. हजेरीचा कागद वेगळा, ठरावाचा वेगळा, आणि ठराव वाचून झाल्यावर भजी. शेठ रागावले तर रागावू देत.