‘बायकोनं किती सहन करायचं?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जोडप्यातल्या एकाचं ट्रान्झिशन (जन्मावेळी नोंदलेलं लिंग सोडून स्वतःला जाणवणाऱ्या लिंगाप्रमाणे जगायला लागणं, कधी हार्मोन आणि शस्त्रक्रियेसह) सुरू झालं की नात्याचं काय होतं, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि मनापासून चिडून लिहिलंत. तुमचे आक्षेप चार. लेख ट्रान्स जोडीदाराच्या बाजूनं झुकलेला आहे. ‘प्रेम असेल तर नातं टिकतं’ या वाक्यानं बायकोवर ओझं टाकलंय. हार्मोनची माहिती देणं डॉक्टरांचं काम, ती इथे नको होती. आणि लग्नाआधी माहीत असून सांगितलं नसेल तर ती सरळ फसवणूक आहे. शेवटी तुम्ही विचारलंत, ‘बायकोनं किती सहन करायचं?’ तुम्ही उदाहरण नवऱ्याच्या ट्रान्झिशनचं घेतलंत, म्हणून मीही बहुतेक ठिकाणी तेच धरून लिहिते. ट्रान्स पुरुषाच्या (जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद, पण स्वतः पुरुष) जोडीदारासाठी गोष्ट वेगळी असेल तिथे तसं सांगते.

दुसरा आक्षेप आधी घेते, कारण तो पूर्ण मान्य आहे. ते वाक्य लेखातून काढलं आहे. कुणाच्या शरीराची ओढ वाटावी हे ठरवून बदलता येत नाही. पुरुषांकडेच आकर्षित होणाऱ्या स्त्रीचा आपल्या माणसावर पूर्वीइतकाच जीव असू शकतो आणि तरी शरीरसंबंध तिला नकोसा होऊ शकतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. ‘प्रेम असेल तर’ म्हटलं की तिच्या शरीराच्या नकाराला प्रेमाच्या कमतरतेचा शिक्का बसतो. ती चूक माझी.

पण ‘असं लग्न टिकूच शकत नाही’ हे तुमचं वाक्यही खरं नाही. ब्रिटिश लेखिका जॅन मॉरिस या ट्रान्स स्त्री. त्यांचं आणि एलिझाबेथ यांचं लग्न १९४९ चं, ट्रान्झिशनच्या आधीचं. मॉरिस यांनी १९७२ मध्ये मोरोक्कोतल्या कॅसाब्लांकाला जाऊन शस्त्रक्रिया करून घेतली, कारण ब्रिटनमधले डॉक्टर आधी घटस्फोट घ्या म्हणत होते आणि तेव्हा त्यांना तो घ्यायचा नव्हता. पुढे कायद्यापायी घटस्फोट झाला, कारण दोन स्त्रियांचं लग्न तेव्हा कायद्यात बसत नव्हतं. तरी दोघी एकत्रच राहिल्या आणि २००८ मध्ये त्यांनी सिव्हिल पार्टनरशिप (लग्नासारखी कायदेशीर नोंदणी) केली. त्याच वर्षी जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानं कागदोपत्री लिंग बदलण्यासाठी असलेली घटस्फोटाची अट घटनाबाह्य ठरवली. न्यायालयापुढचं जोडपं पन्नासहून जास्त वर्षं विवाहित होतं. सगळ्यांनी असंच राहावं असं मी म्हणत नाही. राहायचं की वेगळं व्हायचं, हे त्या दोघांवर सोडावं.

तिसऱ्या आक्षेपाशी मी मुळीच सहमत नाही. डॉक्टरांसमोर पेशंट बसतो, जोडीदार बाहेरच्या बाकावर. त्यामुळे जोडीदाराच्या शरीरापर्यंत येणारी माहिती नेमकी राहून जाते. ट्रान्स पुरुष घेतात त्या टेस्टोस्टेरॉनचं, म्हणजे पुरुषी हार्मोनचं, जेलच घ्या. त्वचेला लावलेलं औषध स्पर्शानं दुसऱ्याच्या अंगावर जातं. लावल्यावर हात साबणानं धुवायचे, जेल पूर्ण वाळू द्यायचं, मग त्या जागेवर कपडा, आणि अंगाला अंग लागणार असेल तर आधी ती जागा धुवायची. घरात लहान मूल किंवा गरोदर स्त्री असेल तर याबाबत सूट नाही. लहान मुलांमध्ये अकाली वयात येण्याची लक्षणं दिसल्याची उदाहरणं आहेत. हे घरातल्या दोघांनाही माहीत असलं पाहिजे.

दुसरी गोष्ट गर्भधारणेची. हार्मोन म्हणजे गर्भनिरोधक नव्हे. इस्ट्रोजेन (स्त्री-हार्मोन) घेणाऱ्या व्यक्तीच्या वीर्यात शुक्राणू कमी होतात, पण शून्य झाले असं तपासणीशिवाय म्हणता येत नाही. टेस्टोस्टेरॉननं पाळी थांबली तरी स्त्रीबीज सुटू शकतं, आणि गर्भ राहिला तर टेस्टोस्टेरॉन त्या गर्भाला घातक आहे. ‘आता काय गरज’ म्हणून साधनं बंद केली जातात आणि तिथेच घात होतो.

आणि मूल हवं असेल, किंवा पुढे हवंसं वाटेल अशी पुसटशी शक्यता असेल, तर तो निर्णय हार्मोनच्या पहिल्या डोसाआधी. वीर्य गोठवणं सोपं असतं: काही दिवसांचा संयम, मग नमुना, शक्यतो दोन-तीन वेळा. स्त्रीबीज गोठवायला साधारण १० ते १४ दिवस इंजेक्शनं, मधेमधे सोनोग्राफी आणि शेवटी बीज काढण्याची छोटी प्रक्रिया. पुढे कधी हार्मोन थांबवून प्रयत्न करता येतो, पण एक शुक्राणू तयार व्हायलाच सुमारे अडीच महिने लागतात, आणि सगळं पूर्ववत होईल याची खात्री कुणी देत नाही. नुसतं बीज किंवा वीर्य गोठवायचं की भ्रूण, हेही नीट बोलून ठरवा. भ्रूणावर दोघांचा हक्क असतो. वेगळं व्हायची वेळ आली तर त्याचं काय करायचं, हे संमतिपत्रावर सही करतानाच ठरवावं लागतं.

आता शरीरसंबंध. बहुतेक घरांत गैरसमजाची सुरुवात इथेच होते. इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन दाबणारं औषध सुरू झालं की पहिल्या १ ते ३ महिन्यांत लैंगिक इच्छा आणि आपोआप येणारी ताठरता कमी होते. पत्नीला हे आधी कुणी सांगितलेलं नसतं. ती त्याचा अर्थ लावते की आता मी नकोशी झाले. तिकडे ट्रान्स स्त्रीला वाटतं, हिला माझं बदललेलं शरीर सोसवत नाही म्हणून ही लांब सरकते. दोघी एकमेकींचा नकार गृहीत धरून गप्प राहतात, आणि मुळात कारण औषधाचं असतं. ३ ते ६ महिन्यांत स्तनांची वाढ सुरू होते, ती दोन-तीन वर्षं चालते. त्या काळात छाती इतकी हळवी असते की घट्ट मिठीही दुखते. आवाज इस्ट्रोजेननं बदलत नाही, त्यासाठी आवाजाचा वेगळा सराव लागतो. दाढीही जात नाही, तिला लेझर किंवा इलेक्ट्रोलिसिस (विजेनं केसांची मुळं नष्ट करणं) लागतं. ज्या जोडप्याला संबंधात ताठरता हवी असेल त्यांनी ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावं, औषधाचं प्रमाण आणि पर्याय यावर बोलता येतं. ज्या ट्रान्स स्त्रीला ती गेल्याचं सुटल्यासारखं वाटतं, तिनं तेही पत्नीला स्पष्ट सांगावं. ट्रान्स पुरुषाच्या बाबतीत चक्र उलटं फिरतं. पहिल्या काही महिन्यांत इच्छा वाढते आणि जोडीदार त्या वेगानं गांगरतो किंवा गांगरते. योनीमार्ग मात्र कोरडा आणि नाजूक होत जातो. ल्युब्रिकंट लागतं, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टर फक्त त्या जागी लावायचं इस्ट्रोजेन क्रीम देऊ शकतात. दुखतंय हे न सांगता सोसलं की शरीर स्पर्शालाच घाबरायला लागतं.

हे सगळं जोडप्याच्या लेखात नको, तर कुठे?

फसवणुकीबद्दल. इथे तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात. काहीतरी जुळत नाही, हे लहानपणापासून जाणवणं एक, आणि मी स्त्री आहे, मला तसं जगायचंय, हे स्वतःशी कबूल करणं दुसरं. या दोहोंत कित्येकदा वीस-तीस वर्षं जातात. अनेकांनी लग्नच या आशेनं केलेलं असतं की आता हे आपोआप शमेल. त्यानं पत्नीचं दुःख कमी होत नाही, पण त्याला कट म्हणता येणार नाही. फसवणूक कुठे सुरू होते हेही मी सांगते. मूल व्हावं म्हणून दोघांचे प्रयत्न चालू असताना चोरून हार्मोन घेणं ही फसवणूक आहे. संसाराच्या बचतीतून न सांगता शस्त्रक्रियेचे पैसे काढणं ही फसवणूक आहे. विचारल्यावर ‘असं काही नाही’ म्हणणं आणि आठवड्यानं तिला ते दुसऱ्याकडून कळणं, हीसुद्धा. यातलं काही घडलं असेल तर ‘मी ट्रान्स आहे’ हे त्याचं उत्तर होत नाही. त्याची वेगळी माफी मागावी लागते.

लेख एकतर्फी आहे हा आरोप मी अर्धा मान्य करते. ‘जोडीदाराला वेळ द्या’ एवढ्या एका ओळीत मी पत्नीचा विषय संपवला होता. खरी अडचण अशी की एक जण या विचारासोबत अर्धं आयुष्य राहिलेला असतो आणि दुसरीला तो आज संध्याकाळी कळलेला असतो. पहिल्याला आता एक महिना थांबणंही जड जातं, आणि दुसरीला एक महिना म्हणजे काहीच नाही. तिचं दुःखही विचित्र असतं. माणूस घरातच आहे, जिवंत आहे, बऱ्याचदा आधीपेक्षा आनंदी आहे, मग रडायचं कशासाठी? कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या पॉलिन बॉस यांनी १९७० च्या दशकात अशा दुःखाला ‘संदिग्ध वियोग’ या अर्थाचं नाव दिलं. माणूस गेलाही नाही आणि पूर्वीसारखा राहिलाही नाही. असं दुःख नीट संपत नाही, कारण ते बोलून दाखवायला समाजाकडे रीतच नसते. पत्नीला रडावंसं वाटलं तर तो ट्रान्स जोडीदारावरचा हल्ला समजू नये. मात्र दर वेळी तिनं त्याच व्यक्तीच्या खांद्यावर रडावं आणि त्या व्यक्तीनं प्रत्येक वेळी अपराधी वाटून घ्यावं, हेही चालत नाही. तिला स्वतःचं वेगळं माणूस लागतं.

म्हणून वेग ठरवणं हे सगळ्यात मोठं काम. कपडे, केस, घरातलं नाव हे उद्या मागे घेता येतं. टेस्टोस्टेरॉननं फुटलेला आवाज परत येत नाही, इस्ट्रोजेननं वाढलेले स्तन औषध थांबवून जात नाहीत, शस्त्रक्रिया तर नाहीच. मागे न फिरणाऱ्या प्रत्येक पायरीची तारीख जोडीदाराला आधी कळलीच पाहिजे. इथे परवानगीचा प्रश्न नाही, कारण दुसऱ्याच्या शरीरावर कुणाचाच नकाराधिकार नसतो. प्रश्न कळण्याच्या हक्काचा आहे, म्हणजे त्या तारखेआधी तिलाही स्वतःचा निर्णय घेता येतो. आणि करार मुदतीचा करा. ‘फक्त घरात’, ‘मुलांची शाळा संपेपर्यंत नाही’ अशी वचनं पहिल्या घाबरलेल्या आठवड्यात दिली जातात. नंतर ती पाळणं अशक्य होतं, आणि मोडलेलं वचन मूळ गोष्टीपेक्षा जास्त लागतं. तीन महिन्यांपुरतं ठरवावं, तारीख लिहून ठेवावी, त्या दिवशी पुन्हा बसावं. रोज रात्री हाच विषय नको. आठवड्यातून एक ठरलेला तास पुरतो, बाकीचे दिवस दोघांना इतर गोष्टींसाठी लागतात.

आपल्या भाषेत आणखी एक कसोटी आहे, ती लेखात राहून गेली. मराठीत सर्वनाम बदलून भागत नाही, क्रियापद बदलावं लागतं: ‘आलास’चं ‘आलीस’, ‘करतोस’चं ‘करतेस’, ‘दमलेला’चं ‘दमलेली’. वीस वर्षांची जीभ घसरणारच. पण ‘येशील’, ‘बस ना’, ‘तू पुस्तक वाचलंस’ यांत ऐकणाऱ्याचं लिंग दिसतच नाही. ‘म्हणालास’ की ‘म्हणालीस’ असा प्रश्न पडला तर ‘सांगितलंस’ म्हणता येतं. सुरुवातीला अशा वाक्यांचा आधार घ्यावा आणि रोज एकेक नवं रूप जिभेवर बसवावं. चुकलं तर शब्द दुरुस्त करून वाक्य पुढे न्यावं. लांबलचक माफीनं समोरचीलाच तुमची समजूत काढावी लागते.

समुपदेशन घ्यावं हे तुमचं म्हणणं बरोबर, पण ‘डोक्यातून काढण्यासाठी’ नव्हे. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, जागतिक आरोग्य संघटनेनं हा विषय मानसिक विकारांतून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला आहे. समुपदेशन हवं ते नात्यासाठी. आणि शस्त्रक्रियेचं शिफारसपत्र देणाऱ्या व्यक्तीकडेच जोडप्याचं समुपदेशन नको. पत्र अडेल या भीतीनं एक जण तिथे खरं बोलत नाही.

बायकोला नर्स बनवलंत, असंही तुम्ही ओघात म्हटलंत. त्यात तथ्य आहे. छातीच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण ४ ते ६ आठवडे जड उचलता येत नाही आणि हात वर नेता येत नाहीत. योनी तयार करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिले काही महिने दिवसातून अनेकदा, बहुधा तीनदा, डायलेशन (नवा योनीमार्ग आक्रसू नये म्हणून त्यात ठरावीक साधन काही वेळ ठेवणं) करावं लागतं. ते जिचं तिनंच शिकायचं आणि करायचं. ज्या शरीराशी आपलं नातं नेमकं काय उरलंय हेच पत्नीला अजून उमगलेलं नाही, त्याची शुश्रूषा तिच्यावर लादू नये. निदान पहिल्या दोन आठवड्यांसाठी दुसरं माणूस आधीच ठरवावं. तिला स्वतःहून करावंसं वाटलं तर ती करेलच.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. जो सगळ्यात जास्त सहन करायला लावतो तो गुपिताचा भाग, आणि तो टाळता येतो. ट्रान्स जोडीदार ‘अजून कुणाला सांगू नकोस’ म्हणतो किंवा म्हणते, आणि ते रास्तही असतं, कारण ती माहिती फुटली तर धोका त्या व्यक्तीला आहे. पण त्यामुळे पत्नी आई, बहीण, मैत्रीण सगळ्यांशी खोटं बोलू लागते. म्हणून पहिल्याच आठवड्यात दोघांनी मिळून दोन किंवा तीन नावं ठरवावीत, ज्यांच्याशी ती काहीही न लपवता बोलू शकेल. ती नावं तिच्या विश्वासातली असावीत. त्यांच्याशी ती काय बोलली, हे तिला नंतर कुणी विचारू नये.