जिम स्टाइन्स: ती एक चूक आणि सलग २४४ सामने

नमस्कार. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधल्या जिम स्टाइन्सवरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. ज्याच्या चुकीने मेलबर्न क्लबची १९८७ची अंतिम फेरी हुकली त्याला थोर का म्हणायचं, हा पहिला; आणि सलग २४४ सामने हे निव्वळ नशीब, हा दुसरा. पहिला आक्षेप रास्त आहे. तो प्रसंग लेखात दोन ओळींत उरकायला नको होता. दुसरा मात्र अजिबात पटत नाही.

आधी ती चूक. १९ सप्टेंबर १९८७, वेव्हर्लीचं मैदान, प्रिलिमिनरी फायनल, म्हणजे अंतिम फेरीच्या अलीकडचा सामना. हॉथॉर्नविरुद्ध मेलबर्न चार गुणांनी पुढे. हॉथॉर्नच्या गॅरी बकनाराला फ्री किक मिळाली आणि भोंगा वाजला. भोंग्याआधी मिळालेली किक नंतरही घेता येते, पण अंतर जवळपास ५५ मीटर होतं, म्हणजे गोल अवघडच. अशा वेळी किक मिळाल्याच्या जागी, ‘मार्क’वर, प्रतिस्पर्ध्यांपैकी एकालाच उभं राहता येतं. तो आणि किक मारणारा यांच्यामधून दुसऱ्या कुणी जायचं नाही. स्टाइन्स नेमका तिथूनच आडवा पळाला. १५ मीटरचा दंड झाला, बकनारा ४० मीटरवर आला आणि गोल, म्हणजे सहा गुण. हॉथॉर्न ८०, मेलबर्न ७८.

स्टाइन्स डब्लिनचा. १९८४मध्ये तिथल्या मायनर (कुमार) संघाकडून गेलिक फुटबॉल या आयरिश खेळातली ऑल-आयर्लंड स्पर्धा जिंकून तो अठराव्या वर्षी मेलबर्नला आला. गेलिक फुटबॉलमध्ये मार्कवर असा माणूस उभा करण्याची पद्धतच नव्हती. कारण सांगितलं म्हणून चूक पुसली जात नाही, पण तो मुख्य संघातला त्याचा पहिलाच हंगाम होता, हे विसरू नये.

नियमांइतकाच अवघड होता तो चेंडू. गोल चेंडू हातातून कसाही सुटला तरी पायाला सारखाच लागतो. लंबगोल चेंडूचं तसं नाही. ड्रॉप पंट नावाची किक मारताना चेंडू उभा धरायचा, एका हाताने जवळजवळ पायापर्यंत खाली न्यायचा आणि खालच्या टोकावर पाय बसवायचा, म्हणजे तो उलटा गिरक्या घेत सरळ जातो. सोडताना टोक जरासं कलंडलं की किक भरकटली. पळताना द्यायच्या टप्प्याचंही तेच: कोन चुकला की चेंडू हातात परत येतच नाही. हे सगळं विसाव्या वर्षाच्या आसपास नव्याने शिकायचं! १९८६मध्ये त्याला प्राहरान क्लबकडे उसना पाठवला होता तो याच तयारीसाठी.

आता २४४. स्टाइन्स रकमन होता, म्हणजे खेळ सुरू होताना हवेतला चेंडू उडी मारून आपल्या संघाकडे टोलवणारा उंच खेळाडू; उंची १९९ सेंटिमीटर. त्या काळी पंचांनी चेंडू आपटला की दोन्ही रकमन धावत येऊन हवेत एकमेकांवर आदळत. गुडघे, मांड्या, बरगड्या सगळ्यांना मार बसे. १९९३मध्ये त्याच्या बरगडीची कूर्चा फाटली, तरी पुढचा सामना त्याने चुकवला नाही. १९८७पासून चाललेली ही मालिका थांबली ती १९९८मध्ये, हात मोडल्यावर. अकरा हंगाम कुणाचं नशीब टिकतं?

शिवाय १९९१चं ब्राउनलो पदक, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान. दर सामन्यानंतर पंच तीन सर्वोत्तम खेळाडूंना ३, २, १ अशी मतं देतात. त्याला २५ मिळाली. चेंडू टोलवून तो थांबत नसे, मधल्या फळीतल्या खेळाडूसारखा पुढे पळत राही. रकमनमध्ये असा दम विरळाच.

१५ मीटरच्या दंडाचा भाग लेखात सविस्तर जोडतो आहे. १९८८पासून तो दंड ५० मीटरचा झाला, हेही त्यात येईल.