एआय ‘डेडलॉक नाही’ म्हणाला, म्हणून तो नसतो का?

नागपुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या पोट्ट्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतो आहे. क्लास डायग्राम (प्रोग्रामच्या भागांचा नकाशा) आणि सगळा कोड एआयला द्या, पाच मिनिटांत सगळ्या चुका कळतील. त्याने ‘डेडलॉक नाही’, म्हणजे कोडचे दोन भाग एकमेकांची वाट पाहत अडकणार नाहीत, असं म्हटलं की विषय संपला. प्रोजेक्ट कितीही मोठा असो, एकदम टाका. रिव्ह्यूचा वेळ वाचवा. भाच्याने तोच पाठवून विचारलं, “मामा, मग गाइडसमोर (प्रोजेक्टच्या मार्गदर्शक प्राध्यापकांसमोर) रिव्ह्यू कशाला ठेवायचा?”

डेडलॉकचा दावा यातला सर्वांत घातक. नागपूर–पुणे ट्रॅव्हल्सच्या बुकिंगचा प्रोजेक्ट घ्या. बुकिंगचा कोड आधी सीटची नोंद लॉक करतो, म्हणजे काम होईपर्यंत दुसऱ्या कोडला ती बदलू देत नाही, मग पेमेंटची. तिकीट रद्द करणारा कोड दुसऱ्या फाइलमध्ये आहे. तो आधी पेमेंट लॉक करतो, मग सीट. सुट्या वाचल्या तर दोन्ही फाइली निर्दोष. एकाच सीटवर एकाच क्षणी चालल्या की एकमेकींची वाट पाहत अडकतात. डेटाबेस त्यातला एक व्यवहार रद्द करतो, पण पेमेंट गेटवेवर पैसे आधीच कापले असतील तर ते या रद्द करण्याने (रोलबॅकने) परत येत नाहीत. क्लास डायग्राममध्ये क्लास आणि त्यांची नाती असतात, लॉकचा क्रम नसतोच. जे चित्रात नाही त्याबद्दल एआय छातीठोक उत्तर देतो, तेव्हा तो अंदाज असतो. उपाय साधा आहे: सगळीकडे आधी सीट, मग पेमेंट. शिवाय ट्रिप, तारीख आणि सीट मिळून युनिक कन्स्ट्रेंट (तीच नोंद दोनदा होऊ न देणारा डेटाबेसचा नियम) लावा, म्हणजे तीच सीट दुसऱ्यांदा विकली जाणार नाही.

अ‍ॅमेझॉनच्या इंजिनिअरांनी २०१५ मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’मध्ये लिहिलं आहे की त्यांच्या डायनॅमोडीबी या डेटाबेसच्या डिझाइनमधली एक चूक दिसायला किमान ३५ पायऱ्या एका विशिष्ट क्रमाने घडाव्या लागत होत्या. रिव्ह्यू आणि टेस्टिंगमधूनही ती निसटली होती, हे मान्य. सापडली ती टीएलए प्लस या डिझाइन गणिती भाषेत मांडायच्या पद्धतीच्या मॉडेल चेकरला, कारण तो मॉडेलमधली प्रत्येक शक्य अवस्था तपासतो. एआय मजकूर वाचून उत्तर देतो. ही दोन वेगळी कामं आहेत.

‘सगळा प्रोजेक्ट एकदम टाका’ हेही चूक. लांबलचक मजकुराच्या मधला भाग मॉडेलकडून दुर्लक्षित राहू शकतो. आणि पासवर्ड, एपीआय की (दुसऱ्या सेवेत शिरायची गुप्त किल्ली) असलेली फाइल कुठेही चिकटवू नका, प्रोजेक्ट कॉलेजचा असला तरी.

अर्धं खरं एवढंच की अनोळखी कोड समजून घ्यायला, नावं आणि जबाबदाऱ्यांचा गोंधळ दाखवायला एआय खरोखर उपयोगी पडतो. पण कोणता क्लास कोणावर अवलंबून आहे, हे त्याला विचारू नका. जावा असेल तर जेडीके ८ (जावाचा डेव्हलपर संच) पासून जेडेप्स हे अवलंबित्व दाखवणारं टूल सोबतच येतं. ते चालवा आणि त्याचं आउटपुट एआयला समजावून सांगायला लावा.

तरीही त्याच्या ‘नाही’वर भरवसा वाटत असेल, तर रिव्ह्यूआधी एका फाइलमध्ये लॉकचा क्रम मुद्दाम उलटा करा आणि एक युनिक कन्स्ट्रेंट काढा. पाच वेळा, दरवेळी नव्या चॅटमध्ये, तोच प्रश्न विचारा. कधी ‘यात चूक कुठे आहे?’ असं, कधी ‘हे बरोबर आहे ना?’ असं. किती वेळा दोन्ही चुका सापडल्या ते लिहून ठेवा. भाच्या, तोच कागद गाइडसमोर ठेव.