टॉप-अपबद्दलचा माझाच मेसेज चुकला होता

"कंपनीचा 3 लाखांचा विमा संपला की पुढचं सगळं टॉप-अप देतो," असं मी सोमवारी ग्रुपवर लिहिलं होतं. ते चूक आहे. (टॉप-अप म्हणजे मूळ आरोग्य विम्यावर घेतलेली जादा पॉलिसी.) पॉलिसीचा कागद आज नीट वाचला. 3 लाखांच्या डिडक्टिबलपुढे, म्हणजे बिलाच्या ज्या रकमेपर्यंत टॉप-अप काहीच देत नाही त्यापुढे, बारीक अक्षरांत 'प्रत्येक क्लेमला' असं छापलंय. म्हणजे आधी अडीच लाखांचं बिल झालं, मग दिवाळीनंतर 2 लाखांचं, तर एकही बिल 3 लाखांच्या वर गेलं नाही. टॉप-अप एक रुपया देणार नाही, कंपनीच्या 3 लाखांच्या वरचे दीड लाख आपल्या खिशातून. पॉलिसीच्या वर्षातल्या बिलांची बेरीज धरतो तो सुपर टॉप-अप. हप्ता थोडा जास्त पडला तरी मला तोच बरा वाटतो. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याखाली हा टाका.