उपाशी ठेवल्याच्या आरोपाला उत्तर

नमस्कार. लॅब्रेडॉरच्या सांधेदुखीवर गोळ्यांपेक्षा खाणं मोजून वजन उतरवा, असं सांगणाऱ्या माझ्या लेखावर आपली प्रतिक्रिया वाचली. आपल्या जर्मन शेफर्डला ग्लुकोसामाइनच्या (सांध्यांसाठी देतात त्या) गोळ्यांनी महिन्याभरात फरक पडला, मी डॉक्टर नाही, मोठ्या जातीच्या पिलांना कॅल्शियम लागतंच, असं आपण लिहिलंय. त्यावर बोलता येईल. पण शेवटी आपण म्हणता, ‘मुक्या जनावराला उपाशी ठेवून त्याला उपचार म्हणणाऱ्यांनी कुत्रा पाळू नये.’ हे वाक्य लागलं. मत पटत नाही म्हणणं वेगळं, समोरच्याची मायाच काढणं वेगळं. माझ्या घरी बसून, माझी लॅब्रेडॉर राणी पायाशी असताना, हे बोलला असतात का?

‘गोळ्या म्हणजे पैसे पाण्यात’ हा मथळा जरा चढा होता, हे मान्य. बदललाय.

आता उपाशी ठेवण्याबद्दल. नसबंदीनंतर राणी सुटत गेली, ३८ किलोंवर पोचली. सकाळी उठताना पुढचे पाय रोवून मागचं धड ओढून घ्यायची. फरशीवर मागचे पाय फाकायचे. एक्स-रेमध्ये खुब्याचा सांधा झिजलेला दिसला. डॉक्टरांनी माझा हात धरून तिच्या बरगड्यांवरून फिरवला, बरगडी हाताला लागेचना. घरात तिला कोण काय देतं याचा हिशोबच नव्हता. आईच्या हातची तुपाची पोळी, बाबांच्या चहाबरोबरची बिस्किटं, मुलांच्या ताटातलं उरलेलं, आणि शिवाय तिचं दोन वेळचं रीतसर जेवण. ३० किलोंच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला दिवसाला साधारण ९०० कॅलरी लागतात. तुपाची एक पोळीच शंभर-सव्वाशेची. दोन पोळ्या लाडाने दिल्या की पाव हिस्सा तिथेच भरला.

मग तिचं खाणं वजनकाट्यावर मोजायला लागलो. पोळी आणि बिस्किटं बंद, त्याऐवजी उकडलेला दुधी आणि फरसबी. चिकन कमी केलं नाही. ३१ किलोंवर आल्यावर ती आपणहून जिना चढायला लागली. गोळ्या त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होत्या, तेव्हा पहिल्या पायरीशीच बसून राहायची. या एका पोळीवरून माझा आईशी अबोला झालाय. राणी दाराशी बसून बघत राहायची आणि मी ताट उचलून आत न्यायचो. ते सोपं होतं असं वाटतं तुम्हाला?

आणि हे माझ्या एकट्याच्या घरचं नाही. प्युरिनाने ४८ लॅब्रेडॉरांवर केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं, पिलू असल्यापासून शेवटपर्यंत. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे कुत्रे त्याहून जास्त जगले, असा आकडा) १३ वर्षं भरलं, दुसऱ्यांचं ११.२. सांधे झिजण्याची लक्षणंही कमी खाणाऱ्यांमध्ये उशिरा आली. कुत्र्यांचं खाणं विकणारी कंपनीच कमी खायला घाला असं दाखवते, तेव्हा ते क्रौर्य होत नाही. मी म्हटलं की मात्र होतं!

राहिलेल्या गोष्टी थोडक्यात. मी डॉक्टर नाही, असं कधी म्हटलेलंही नाही. ग्लुकोसामाइन आणि त्याच्या जोडीला देतात त्या काँड्रॉइटिनचा कुत्र्यांच्या दुखण्यावर परिणाम दिसत नाही, असा निष्कर्ष २०२२ साली माँट्रियलच्या संशोधकांनी आधीच्या चाचण्या एकत्र तपासून काढला. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ ची बाजू त्यात चांगली निघाली, आणि ते माझ्या लेखात होतं. आपण तिथपर्यंत वाचलं नसावं. कॅल्शियमचं म्हणाल तर, मोठ्या जातीच्या पिलांसाठी बनवलेल्या तयार खाण्यात ते पुरेसं असतं. वरून पावडर घातली तर हाडांची वाढ बिघडते, कारण कोवळ्या वयात जादाचं कॅल्शियम शोषायचं थांबवणं पिलाच्या शरीराला नीट जमत नाही. हे कुठल्याही चांगल्या पशुवैद्याला विचारा, माझ्यावर विश्वास ठेवू नका.

शेफर्डला बरं वाटलं याचा आनंदच आहे, मनापासून. पण त्याच महिन्यात त्याचं खाणं, फिरणं, वेदनाशामक औषध यातलं काय बदललं होतं, ते आपण लिहिलेलं नाही. त्याचं वजनही नाही. तेवढं कळवा. आणि पुढच्या वेळी माझ्या मायेचा हिशोब मांडण्याआधी एकदा त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवून बघा.